सार्वजनिक पैसा ठेवावा कोठे?

संगमनेर नगरपरिषदेच्या कचेरीत घरपट्टी भरणारा गृहस्थ पावती खिशात घालून घरी जातो. त्या रकमेचा पुढील प्रवास त्यास ठाऊक नसतो, आणि तो विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. परंतु रस्त्याचे काम निघेपर्यंत किंवा सफाई कामगारांच्या पगाराची तारीख येईपर्यंत ती रक्कम कोठे तरी ठेवावीच लागते. खेड्यातील ग्रामनिधी, देवस्थानाच्या पेटीतील दान, दूध संस्थेची गंगाजळी या सर्वांची हीच कथा. हा पैसा ज्यांच्या हाती असतो ते त्याचे धनी नव्हेत, केवळ रखवालदार होत. स्वतःचे द्रव्य वाटेल त्याच्या घरी ठेवून बुडवून घेण्यास कोणास मनाई नाही. रखवालदारास मात्र ती मोकळीक देता येत नाही. म्हणून येथे कायदा आडवा येतो.

हे शहाणपण या प्रांतास महाग पडून आले आहे. 1840 साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेत सरकारचे भाग होते, सरकारचे संचालक होते आणि पुढे सरकारी खजिन्यातील शिल्लकही तिच्याकडे राहू लागली. कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्यास पूर्वी जो अटकाव होता तो 1863 च्या नव्या कायद्याने सैल झाला. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव आकाशास भिडले होते व मुंबईत सट्ट्यास ऊत आला होता. 1865 त ते युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि बँकेच्या भांडवलाचा बहुतेक भाग त्याबरोबर गेला. 1868 साली जुनी बँक गुंडाळून त्याच नावाची नवी उभी करावी लागली. तथापि खरा धडा मिळाला तो 1874 साली. बंगालमधील दुष्काळाच्या कामासाठी सरकारने या नव्या बँकेकडे आपलीच शिल्लक मागितली, आणि इतकी रक्कम तत्काळ देण्यास बँकेने असमर्थता दर्शविली! पैसा बुडाला नव्हता. फक्त गरजेच्या वेळी तो हाती येईना. भुकेलेल्या माणसास या दोहोंतील फरक फारसा कळत नाही. दोनच वर्षांनी, 1876 मध्ये, सरकारने राखीव खजिने काढून आपल्या शिल्लकेचा मोठा हिस्सा स्वतःच्याच कुलपाखाली नेला.

आज हा अधिकार कोणाचा? राज्यघटनेने बँकव्यवहार हा विषय केंद्राकडे दिला व सहकारी संस्था राज्याकडे ठेवल्या. सहकारी बँक ही या दोन घरांच्या समाईक भिंतीवर बसलेली आहे. तिची निवडणूक व नोंदणी एका कायद्याखाली येते, तर तिच्या पैशाच्या व्यवहारास 1949 चा बँकिंग नियमन कायदा 1 मार्च 1966 पासून लागू आहे. बँक कशी चालवावी हे राज्यास सांगता येत नाही. परंतु आपल्या कायद्याने जन्मलेल्या संस्थांनी पैसा कोणत्या दारी न्यावा हे राज्य सांगू शकते, आणि सांगतेही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये देवस्थानाचा लगेच न लागणारा पैसा अनुसूचित बँकेत, पोस्टाच्या बचत खात्यात अथवा सरकारने मान्य केलेल्या सहकारी बँकेत ठेवावा लागतो, किंवा सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम 70 याहून बारकाईने बोलते. संस्थेने ठेव जिल्हा मध्यवर्ती वा राज्य सहकारी बँकेत ठेवावयाची असेल, तर त्या बँकेस लागोपाठ तीन वर्षे हिशेबतपासणीत ‘अ’ वर्ग मिळालेला असावा. तेव्हा दूध संस्थेच्या वार्षिक सभेत बर्फी-चिवडा येण्यापूर्वी कोणी सभासदाने एवढाच प्रश्न विचारला, तर तो उद्धटपणा समजू नये.

या नियमांमागे एक मोह ओळखलेला आहे. जी पेढी अर्धा टक्का व्याज अधिक देते तिच्याकडे पदाधिकाऱ्याचे पाऊल वळते, आणि अहवालात तो अर्धा टक्का शोभूनही दिसतो. 5 मार्च 2020 रोजी येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची नऊशे कोटींहून अधिक रक्कम तेथे अडकली. निर्बंध त्याच महिन्यात उठले हे खरे. परंतु मधल्या काळात राज्य सरकारला, सरकारी पैसा राष्ट्रीयीकृत बँकांतच ठेवावा, असा आदेश काढावा लागला.

सामान्य ठेवीदाराची स्थिती याहून नाजूक असते, आणि संगमनेरसारख्या पतसंस्थांच्या गावी ती नीट समजून घ्यावयास हवी. 1910 साली स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला. ती बँक होती, म्हणून प्रत्येक ठेवीदारास पाच लाखांपर्यंत ठेवविम्याचा आधार होता; त्यावरील रकमेस वसुलीची वाट पाहणे आले. पतसंस्था दिसावयास बँकेसारखीच असते. तीच काचेची खिडकी, तेच पासबुक, रोज सायंकाळी दुकानावर येणारा तोच पिग्मी एजंट. परंतु ठेवविमा तिला नाही. मुलीच्या लग्नासाठी पै पै साठविणाऱ्या विडी कामगार बाईस हा भेद खिडकीपाशी कोणी सांगत नाही.

तिच्यासाठी राज्याने 1999 साली ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा केला. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरविला होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो वैध मानला व 2022 च्या निकालात त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. या कायद्याखाली ठेवी बुडविणाऱ्या संस्थेची, तसेच तिच्या चालकांची मालमत्ता सरकार जप्त करू शकते आणि नियुक्त न्यायालयामार्फत ती विकून आलेला पैसा ठेवीदारांत प्रमाणशीर वाटला जातो. मात्र जप्तीपासून वाटपापर्यंतचा रस्ता लांबचा आहे, आणि लग्नाची तिथी त्यासाठी थांबत नाही.