पोकळ स्तूप, शून्य मैल आणि नागांचा महाल



मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रतीत्यसमुत्पाद आणि अनात्मवाद यांचा विचार केला. व्याख्यान संपल्यावर काही श्रोत्यांनी एक रास्त तक्रार केली. म्हणाले, "सर, हे आम्हाला कळलं असं वाटतं, पण घरी जाऊन मुलांना सांगायला गेलं की तोंडातून शब्द फुटत नाही." म्हणून आज ग्रंथ जरा बाजूला ठेवू. पोरांना घेऊन एक दिवसाची सहल काढायची आणि ती सहलच धडा व्हावी, असा आजचा बेत. ठिकाण नागपूर. आमच्याकडे सुट्टीत नातवंडं जमली की हाच फेरा होतो, त्यामुळे मुलं कुठं कंटाळतात आणि कुठं डोळे मोठे करतात, हे आम्हाला पुरतं ठाऊक आहे.

सुरुवात दीक्षाभूमीपासून करू. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो अनुयायांना दिली. आज तिथं जो स्तूप उभा आहे तो नंतरचा. त्याचं बांधकाम १९७८ मध्ये सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं. रचनाकार शिवदान मल. घुमट पाहिला की सांची आठवते, आणि ती आठवावी अशीच योजना आहे.

पण सांचीत आणि इथं एक मोठा फरक आहे, आणि मुलं तो आपल्याआधी पकडतात. सांचीचा स्तूप भरीव. आत विटा, वरून दगडाचं आवरण. त्याला प्रदक्षिणा घालायची; आत जायची सोयच नाही. भंडारा जिल्ह्यात पवनीला १९६९-७० च्या उत्खननात जे प्राचीन स्तूप सापडले, तेही असेच भरीव. दीक्षाभूमीचा स्तूप मात्र पोकळ आहे. माणसं आत जातात, बसतात, वर घुमटाकडे बघत राहतात. बुद्धमूर्तीसमोर बाबासाहेबांचा अस्थिकलश आहे. आमची धाकटी नात पहिल्यांदा आत गेली तेव्हा मान मागं टाकून तिनं विचारलं, "आजोबा, एवढं मोठं बांधलं आणि आत काहीच नाही?"

आता हा प्रश्न सोडायचा नाही. संस्कृतात 'शून्य' शब्दाचं नातं 'श्वि' या धातूशी सांगतात. श्वि म्हणजे फुगणं. जे फुगतं ते आतून पोकळ असतं. पुरी फुगते तशी. म्हणजे शून्य या शब्दाच्या मुळाशीच घुमटाचा आकार आहे. आणि ही पोकळी कशाची, तर माणसांना बसायला केलेल्या जागेची. भरीव असता तर आपण सगळे बाहेरच राहिलो असतो. 'रिकामं' आणि 'निरुपयोगी' हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढं मुलाला इथं कळलं तरी पुष्कळ झालं.

तिथून निघायचं आणि विधान भवनाजवळच्या शून्य मैलाच्या दगडाशी यायचं. चार घोडे, वालुकाश्माचा स्तंभ, आणि त्यावर निरनिराळ्या गावांची अंतरं कोरलेली. फोटो काढायला झकास जागा. नागपूरकर अभिमानानं सांगतात की हा भारताचा मध्यबिंदू. इथं मुलांना जरा खोलात न्यायला हवं. हा दगड भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला आहे. त्या सर्वेक्षणाची सुरुवात १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लँबटननं केली. साखळ्या आणि प्रचंड वजनाचं कोन मोजण्याचं यंत्र घेऊन तो वर्षानुवर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. नागपूरच्या या जागी १९०७ च्या सुमाराचा जो मानक दगड आहे, तो समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्यासाठीचा. १०२०.१७१ फूट, असा आकडा त्याच्याशी जोडलेला आहे.

मग मध्यबिंदूचं काय? मध्य कुठं पडतो हे कडा कुठं आहेत त्यावर ठरतं. पोळीची एक बाजू तोडून घेतली की उरलेल्या पोळीचा मध्य सरकतो. १९०७ सालच्या ब्रिटिश हिंदुस्थानात ब्रह्मदेश होता, आजचा पाकिस्तान होता, बांगलादेश होता. १९४७ नंतर कडा बदलल्या. आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशातल्या करौंदी गावाचं नाव घेतात. आता बघा, दगड तिथंच आहे, जमीन तीच आहे, पण 'मध्य' निघून गेला. कारण मध्यपणा त्या जमिनीत कधी नव्हताच. तो सीमांवर, मोजणाऱ्यांवर, मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून होता. नागार्जुन ज्याला निःस्वभावता म्हणतो ती हीच. वस्तूला स्वतःच्या जोरावर उभं राहील असं स्वत्व नसतं. ती कारणांवर आणि संबंधांवर उभी असते. शून्यता म्हणजे एवढंच. कॉलेजात हे शिकवायला आम्हाला एक अख्खं सत्र लागायचं. पोळी तोडून दाखवली की दहा वर्षांच्या पोराला चौकात उभ्या उभ्या समजतं.

दुपार झाली, पोटात कावळे ओरडायला लागले, म्हणजे पोटपूजा उरकून मोतीबागेतल्या अरुंद मापाच्या रेल्वे संग्रहालयात जायचं. २००२ मध्ये ते सुरू झालं. जुनी वाफेची इंजिनं, डबे, कंदील, सिग्नलचे दांडे. मुलं इथं तासभर सहज रमतात. इथं आपल्याला नागसेन भेटतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन म्हणतो, हे नुसतं व्यवहाराचं नाव. आत कुणी वेगळा 'नागसेन' सापडायचा नाही. राजाला ही टवाळी वाटते. तेव्हा नागसेन त्याला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात. मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ? आपण हेच इंजिनासमोर विचारू. बॉयलर म्हणजे इंजिन का? चाकं म्हणजे? शिट्टी म्हणजे? पोरं ओरडून 'नाही, नाही' म्हणतात, आणि शेवटी एखादं चटपटीत पोर विचारतं, "मग इंजिन गेलं कुठं?" तिथं थांबायचं. उत्तर द्यायची घाई करायची नाही.

संध्याकाळी कामठी. नागपूरच्या ईशान्येला, तासाभराच्या आतलं अंतर. १९९९ मध्ये जपानच्या श्रीमती नोरिको ओगावा यांच्या साहाय्यातून उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार. पांढरीशुभ्र इमारत, भोवती बाग, आत चंदनाची बुद्धमूर्ती. नाव ऐकून मुलांना वाटतं की तोंडातून जाळ ओकणारा ड्रॅगन दिसणार. तो काही दिसत नाही, आणि दोन मिनिटं त्यांचा हिरमोड होतो. पण नावाचा प्रवास सांगितला तर तो टिकत नाही.

बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा भाषांतरकारांपुढे संस्कृत 'नाग' शब्द आला. नाग म्हणजे पाण्यात राहणारे, पाऊस आणणारे, रत्नांची राखण करणारे. त्यांनी त्यासाठी आपला 'लोंग' शब्द वापरला, ज्याला आपण इंग्रजीच्या वाटेनं ड्रॅगन म्हणतो. नागार्जुनाचं चिनी नावसुद्धा 'लोंगशू', म्हणजे अक्षरशः ड्रॅगनवृक्ष. तेव्हा ड्रॅगनचा महाल म्हणजे नागांचा महाल. समुद्रतळच्या याच महालात जाऊन नागार्जुनानं प्रज्ञापारमितेचे ग्रंथ मिळवले, अशी आख्यायिका आहे. आणि हे सगळं कुठं, तर नाग नदीच्या काठच्या नागपूरशेजारी! दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं याचं कारण सांगताना नाग लोकांचाच उल्लेख केला होता. बौद्ध धम्माचा प्रसार त्यांनी केला, असं त्यांचं म्हणणं होतं. कामठी रस्त्यावर 'नागलोक' नावाचं केंद्र आहे, तिथं चालत्या बुद्धाचा उंच पुतळा आहे. बसलेला बुद्ध बघायची सवय असलेली मुलं विचारतात, "हे कुठं निघालेत?" वेळ असेल तर तिथंही थांबा.

नागांच्या महालाची आणखी एक गोष्ट मुलींना जरूर सांगा. 'सद्धर्मपुंडरीक' सूत्रात सागर नागराजाची आठ वर्षांची मुलगी येते. मंजुश्री सांगतो, ही बोधीला पोचू शकते. शारिपुत्रासारखा ज्येष्ठ शिष्य शंका घेतो की स्त्रीला हे कसं जमेल? ती बुद्धाला एक रत्न देते आणि म्हणते, हे द्यायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळ मला लागेल. मूळ कथेत ती आधी पुरुषरूप घेते, त्यावरून अभ्यासकांत पुष्कळ वाद झाले आहेत. ते मुलांपासून लपवू नका. त्यांना वाद आवडतात.

आता या सहलीतला अवघड भाग. दीक्षाभूमीच्या आवारात २२ प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत. वाचता येणारं मूल त्या वाचतं आणि विचारतं, "एवढ्या लोकांनी एका दिवसात धर्म का बदलला?" बरीच मोठी माणसं इथं "चला, उशीर होतोय" म्हणून मुलाचा हात ओढतात. आणि आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्यांकडे तर याहून सोयीस्कर पळवाट आहे. आम्ही म्हणू शकतो, "बाळा, सगळंच शून्य आहे, जातही शून्यच. मग वाद कसला?"

मंडळी, हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा ते नीट समजून घेतलं पाहिजे. नागार्जुन दोन सत्यं मानतो, संवृतिसत्य आणि परमार्थसत्य. परमार्थानं शोधायला गेलात तर रथ सापडत नाही. पण तोच रथ पायावरून गेला तर पाय मोडतो. जातीला स्वभाव नाही, रक्तात ती सापडत नाही. पण पाणवठा बंद झाला की माणूस तहानेला राहतो. जात निःस्वभाव आहे म्हणजे ती नाही असं होत नाही. ती कारणांवर उभी आहे: कुणी कुणाच्या घरी जेवायचं, कुणी कुणाशी लग्न करायचं, कुणी कुठलं काम करायचं, यांवर. आणि जे कारणांवर उभं आहे ते कारणं काढून घेतली की पडतं. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही शून्यतेचा अर्थ याच दिशेनं लावलेला आहे: शून्यता म्हणजे नास्तिपणा नव्हे, वस्तू अनित्य आहेत म्हणूनच बदल आणि वाढ शक्य होते. त्या २२ प्रतिज्ञांकडे या नजरेनं बघा. काय मानणार नाही, काय करणार नाही, कसं वागणार, याची ती यादी आहे. कारणं एकेक करून काढून घ्यायची यादी.

तेव्हा मुलाला सरळ सांगा. या देशात काही माणसांना पाणी, देऊळ, शाळा यांपासून दूर ठेवलं होतं. ज्यांनी ते सोसलं त्यांनी ठरवून, विचार करून, एकत्र येऊन ती चौकट सोडली. आणि हे काम अजून पुरं झालेलं नाही. मुलांना हे पेलतं. आपल्यालाच पेलत नाही असं पुष्कळदा दिसतं.

एका श्रोत्यांचा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: "आम्ही बौद्ध नाही. तिथं सहलीला म्हणून जाणं बरं दिसतं का?" जरूर जा. पादत्राणं बाहेर काढा, आवाज खाली ठेवा, मूर्तीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत बसू नका. शेजारी हात जोडून बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या आईवडिलांनी कदाचित १९५६ साली इथं दीक्षा घेतली असेल, हे मुलांच्या कानात सांगा. जमलं तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास या. गर्दी अफाट असते, पण पुस्तकांची जी दुकानं लागतात ती बघण्यासारखी. मुलाला एक पुस्तक त्याच्या पसंतीनं घेऊ द्या.

पुढच्या व्याख्यानात रामटेकजवळच्या मनसरकडे वळू. तिथल्या अवशेषांना कुणी वाकाटकांची प्रवरपूर नगरी म्हणतं, कुणी नागार्जुनाशी जोडतं. दोन्ही बाजूंचे पुरावे शेजारी शेजारी ठेवून बघू. येताना मुलांनाही आणा, पुढच्या रांगा त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवू.