ट्रायपॉडच्या पायांना घाला 'कपडे': ऊन, थंडी आणि चिखलासाठी स्वस्तातले उपाय

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, यात आता कुणाला नवल वाटत नाही. अशा दुपारी ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड अर्धा तास उन्हात उभा ठेवा आणि मग उघड्या हाताने उचलून बघा. चटका बसतो आणि हात आपोआप सुटतो. हात सुटला की ट्रायपॉड पडतो, आणि वर कॅमेरा लावलेला असेल तर तोही.

आता तोच ट्रायपॉड डिसेंबरच्या रात्री वडसा भागात घेऊन जा. दिवाळीनंतर धान निघालं की झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटक रात्रभर चालतं, आणि त्याचं शूटिंग करणारा पोरगाही रात्रभर उघड्यावर उभा असतो. पहाटे तीन वाजता दव पडून गार झालेला पाय पकडला की बोटं बधिर होतात.

दोन्ही वेळी अडचण एकच आहे: पायांवर काहीतरी गुंडाळायला हवं. बाजारात त्यासाठी तयार 'लेग वॉर्मर' मिळतात, पण साध्या ट्रायपॉडच्या मानाने ते महाग पडतात. शिवाय चामोर्शी किंवा एटापल्लीच्या बाजारात ते मिळणार कुठे? म्हणून आज बघू या, पंक्चरच्या आणि एसी दुरुस्तीच्या दुकानातून हे काम कसं भागवायचं. आणि हेही बघू, की चुकीचं गुंडाळलं तर तेच आवरण ट्रायपॉडचं नुकसान कसं करतं.

आधी समजून घ्या: चटका का बसतो?

उन्हात ठेवलेली लाकडी काठी आणि ॲल्युमिनियमचा पाय दोन्ही तापतात. पण लाकडाच्या तुलनेत ॲल्युमिनियम हजारपटीहून चांगलं उष्णतावाहक आहे. त्यामुळे पाइपभर साठलेली उष्णता क्षणात तुमच्या हातात उतरते. थंडीत उलट होतं, हाताची ऊब पाइप ओढून घेतो.

फोममध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात आणि अडकलेली हवा उष्णता फार हळू जाऊ देते. म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा थरही हाताला पुरतो. खांद्यासाठी मात्र जाड थर लागतो, कारण तिथे प्रश्न उष्णतेचा नसून वजनाचा आहे. कॅमेरा आणि मोठी लेन्स लावलेला ट्रायपॉड खांद्यावर टाकून तलावाच्या पाळीवरून दोन किलोमीटर चाललात, की तो पाइप खांद्याच्या हाडात रुततो.

कार्बन फायबरचा ट्रायपॉड असेल तर चटक्याचा त्रास कमी. पण त्याला आपटण्याची भीती जास्त, म्हणून त्यालाही आवरण हवंच.

कुठे गुंडाळायचं आणि कुठे नाही

फक्त सगळ्यात वरच्या, जाड भागावर. खालचे भाग वरच्या नळीत सरकतात, त्यांच्यावर काही गुंडाळलं तर पाय बंदच होणार नाही. लॉक आणि वरचा सांधा या दोन्हीपासून बोटभर जागा सोडा.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. काही ट्रायपॉडचे पाय उलटे फिरून मधल्या खांबाभोवती मिटतात. त्यावर जाड फोम लावला की पाय नीट मिटत नाहीत आणि पिशवीतही मावत नाहीत. अशा वेळी दोनच पायांना जाड फोम लावा. खांद्यावर टेकतात ते दोनच पाय. तिसऱ्याला पातळ रबर पुरे.

माप कसं घ्यायचं?

पायाभोवती दोरा एकदा गुंडाळा, लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा ८८ मिलिमीटर भरला तर पाय २८ मिलिमीटर जाड. हा आकडा कागदावर लिहून मगच दुकानात जा.

उपाय १: सायकलची जुनी ट्यूब

गडचिरोलीच्या कुठल्याही गावात होण्यासारखा हा उपाय. पंक्चरवाल्याकडे टाकून दिलेल्या ट्यूब पडलेल्या असतात, बहुतेकदा फुकटच मिळतात.

२६ इंची सायकलची ट्यूब घ्या. व्हॉल्व्हचा तुकडा कापून टाका आणि ट्यूब लांबीने चिरून सपाट करा. आतली पांढरी पावडर ओल्या फडक्याने पुसा आणि ट्यूब वाळू द्या. मग लांबीने तीन पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी साधारण तीन सेंटिमीटर रुंद येईल. एका ट्यूबमध्ये तिन्ही पायांचं काम होतं.

पट्टी खालून वर, ताणून, निम्मी एकावर एक येईल अशी गुंडाळत जा. शेवटचे दोन वेढे जरा सैल ठेवा, टोक त्यांच्याखाली खुपसा आणि ओढून घट्ट करा. ताणलेलं रबर स्वतःलाच धरून ठेवतं, चिकटपट्टीची गरज नाही.

फायदा: पकड उत्तम, पाणी शोषत नाही, आणि मोटरसायकलवर किंवा जिप्सीत पाय एकमेकांवर आपटून होणारा खणखणाट कमी होतो. तोटा: काळं रबर उन्हात तापतं आणि खांद्याला मऊपणा फारसा देत नाही. उन्हाळ्यात त्यावर फिक्या रंगाचं सुती कापड गुंडाळा.

उपाय २: एसीच्या पाइपचा काळा फोम

स्प्लिट एसीच्या तांब्याच्या पाइपवर काळी, स्पंजसारखी नळी चढवलेली असते ना? खांद्यासाठी तीच सगळ्यात चांगली. एसी बसवणाऱ्याकडे हात-दोन हाताचे उरलेले तुकडे असतात, विचारून बघा. दुकानात ती पाइपच्या मापाप्रमाणे मिळते. २२ आणि २८ मिलिमीटर ही दोन मापं आपल्या कामाची. जाडी ९ मिलिमीटरची घ्या, १३ ची घेतली तर ट्रायपॉड फुगतो.

नळी लांबीने एका बाजूने चिरा, पायावर चढवा, आणि वरून ट्यूबच्या दोन-तीन रिंगा किंवा नाडी बांधा. चिरेची बाजू आतल्या अंगाला ठेवा, म्हणजे खांद्याला लागणार नाही.

हा फोम उघडा ठेवला तर उन्हाने वर्षा-दोन वर्षांत भुरभुरीत होतो. त्याचे काळे कण जंगलात पडू देऊ नका. तुकडे पडायला लागले की लगेच बदला. त्यावर कापड किंवा ट्यूबची पट्टी असेल तर तो बराच टिकतो.

उपाय ३: बॅटची किंवा रॅकेटची ग्रिप

क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप म्हणजे ताणता येणारी नळीच. पण ती चढवायची तर पायाचे खालचे भाग आधी बाहेर काढावे लागतात. पिळून घट्ट करायचं लॉक असेल तर ते सहसा जमतं. खटक्याचं लॉक असेल तर या भानगडीत पडू नका, त्यापेक्षा रॅकेटची गुंडाळायची ग्रिप घ्या. एका पायाला एक पुरते. दिसायलाही बरी, म्हणून लग्नाच्या शूटिंगवाल्यांना हा उपाय आवडतो.

जुन्या योगा मॅटची पट्टीही चालते. सहा मिलिमीटरची मॅट एकदाच गुंडाळा आणि वरून नाडी आवळा.

चिकटपट्टीचं काय?

वायरिंगची काळी टेप थेट पायावर लावू नका. उन्हात तिचा गोंद पातळ होऊन पाझरतो, त्यावर धूळ बसते आणि मग तो चिकट थर रॉकेलनेही धड निघत नाही. टेप लावायचीच असेल तर पहिला वेढा उलटा, म्हणजे गोंदाची बाजू बाहेर ठेवून घ्या आणि त्यावर दुसरा वेढा सुलटा घ्या. फेविक्विक, रबर सोल्यूशन वगैरे तर अजिबात नको.

सगळ्यात महत्त्वाचं: आवरण निघायला हवं

एकदा मस्त पॅडिंग बसलं की आपण ते वर्षानुवर्षं काढत नाही. इथेच ट्रायपॉड खराब व्हायला लागतो.

गडचिरोलीचा पावसाळा जोरदार. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि सामान दिवसेंदिवस दमट राहतं. आवरणाखाली शिरलेलं पाणी वाळायला जागा नसते. त्यात घामाचं मीठ मिसळतं. पायावरचा संरक्षक थर जिथे खरवडलेला असेल, तिथे ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरू लागते आणि खड्डे पडतात. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूरकडे कोळशाची बारीक धूळ त्याच फटीत बसते आणि तिथून लॉकमध्ये उतरते. मग एके दिवशी लॉक घट्ट वाटतं, पण कॅमेऱ्याच्या वजनाने पाय हळूच खाली सरकतो.

म्हणून आवरण अंगातल्या कपड्यासारखं वापरा:

• पावसाळ्यात जाड फोम आणि कापड काढून ठेवा, फक्त ट्यूबची पट्टी राहू द्या.
• ट्रायपॉड भिजला तर त्याच दिवशी पट्टीही सोडा, सगळे भाग पूर्ण उघडून सावलीत वाळवा.
• कोरडा असला तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा आवरण काढून पाय पुसा.
• पायांना खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका. तेल आणि धूळ मिळून काळा लगदा होतो.

आवरण बांधताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे मला पाच मिनिटांत, चाकू न वापरता सोडता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर बांधणी बदला.

पायाच्या तळव्यांसाठी

ओल्या बांधीत ट्रायपॉड उभा केला की तळवे रुततात. प्लास्टिकच्या बरणीची तीन रुंद झाकणं पायांखाली ठेवा, वजन पसरतं. परतताना झाकणं मोजून उचला.

तलावाच्या काठाशी पाण्यात किंवा चिखलात उभं करायचं असेल तर सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा. त्यामुळे लॉक पाण्याच्या वर राहतं. एरवी आपण जाड भाग आधी उघडतो, इथे उलटं करायचं.

झाडीपट्टीच्या नाटकासारख्या गर्दीत अंधारात कुणी ना कुणी पायाला अडखळतंच. खालच्या लॉकजवळ रेडियम टेपची बोटभर पट्टी बांधा, अर्थात तीही कापडावर चिकटवून. जंगलात जाताना मात्र ती काढा, चमकणारी वस्तू तिथे नको.

आणि ताडोब्यात?

सफारीच्या जिप्सीत ट्रायपॉडचे पाय पसरायला जागाच नसते. तिथे कापडी पिशवी कामाला येते. रिकामी पिशवी घरून न्या, मुक्कामाच्या गावात दोन-तीन किलो धान किंवा तांदूळ घेऊन भरा, तोंड शिवून टाका आणि जिप्सीच्या दांड्यावर ठेवून लेन्स टेकवा. सफारी संपल्यावर तांदूळ शिजवून खाता येतो, असं ट्रायपॉडचं दुसरं कुठलंही सामान नाही!

थोडक्यात

हातासाठी ट्यूब, खांद्यासाठी एसीचा फोम, उन्हाळ्यात वर फिकं कापड. खर्च बहुतेकांचा शे-दीडशेच्या आतच राहील. सुरुवात आजच करायची असेल तर आधी जुनं पॅडिंग सोडून खाली काय झालंय ते बघा. पांढरी भुकटी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसा आणि लॉक घट्ट करून, कॅमेरा न लावता, ट्रायपॉडवर हाताने जोर देऊन पाहा. पाय सरकत असेल तर आधी लॉक दुरुस्त करा, पॅडिंग नंतर.