मधल्या ओट्याची वायरिंग

स्वयंपाकघराच्या मधोमध, भिंतीला न टेकवता बांधलेल्या ओट्याला वीज जमिनीखालूनच पोहोचवावी लागते आणि फरशी रोज पाण्याने पुसली जाणाऱ्या घरात हीच त्याची सर्वांत नाजूक बाजू असते. २००० वॉटची इंडक्शन शेगडी, १२०० वॉटचा ओव्हन आणि ७५० वॉटचा मिक्सर एकाच वेळी चालले, तर २३० व्होल्टवर सुमारे १७ अँपिअर प्रवाह वाहतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दिव्यांच्या तारेवरून असा जोड घेणे धोक्याचेच ठरते. तेथे ४ चौरस मिलिमीटरची, आयएस ६९४ मानकाची तांब्याची वायर, अखंड पाइपातून आणि स्वतंत्र २० अँपिअरच्या एमसीबीवरून न्यावी.

मात्र एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह होताच तुटणारी कळ, तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. वैजापूरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात ही बाब अधिक गंभीर आहे, कारण उन्हाळ्यात जमीन भेगाळेपर्यंत सुकली की मातीचा विद्युतरोध वाढतो, अर्थिंगची पकड सैल होते आणि मिक्सरच्या धातूच्या भागात उतरलेली वीज एमसीबीच्या लक्षातही येत नाही. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतील ३० मिलिअँपिअरचा फरकही ओळखून पुरवठा तोडणारी आरसीसीबी म्हणूनच अनिवार्य मानावी. सॉकेट ओट्याच्या उभ्या बाजूला, सिंकपासून दूर बसवावेत. मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे आणि आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा अवश्य दाबून पाहावे.