काचेच्या टाकीतील निळे-हिरवे शेवाळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या आणि दाट वस्तीत खोल्यांना उजेड बहुधा एकाच बाजूने, गल्लीकडच्या किंवा अंगणाकडच्या खिडकीतून मिळतो, आणि शोभेच्या माशांची टाकी साहजिकच त्या उजेडाजवळ ठेवली जाते. उन्हाळा चढू लागला, मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेला आणि टाकीतील पाणीही कोमट राहू लागले, की तळाच्या वाळूवर, पाणवनस्पतींच्या पानांवर आणि पुढच्या काचेला लागून असलेल्या वाळूच्या कडेवर एक गडद निळसर-हिरवा थर पसरण्याचा संभव वाढतो. दिसायला मखमली, हाताला मात्र बुळबुळीत असा हा थर आज खरवडून काढला तरी थोड्याच दिवसांत पुन्हा दिसतो, त्यामुळे टाकीचा मालक एकामागून एक उपाय करत राहतो, आणि त्यांपैकी बरेचसे उपाय चुकीच्या समजुतींवर उभे असल्याने शेवाळाऐवजी माशांनाच त्यांचा त्रास होतो. पुढील विवेचनाचे मुख्य सूत्र असे की, हा थर टाकीतील बिघाडाचे कारण नसून त्या बिघाडाची खूण आहे, आणि साचलेला गाळ, संथ पाणी व अवाजवी उजेड या तिन्ही गोष्टी बदलल्याखेरीज कोणतेही औषध त्याला कायमचे घालवू शकत नाही.

गैरसमज १ : हे शेवाळच आहे, म्हणून शेवाळ खाणारे मासे ते संपवतील.

वस्तुस्थिती : निळे-हिरवे शेवाळ हे नाव रूढ असले तरी हा जीव खऱ्या शेवाळांत मोडत नाही. तो सायनोबॅक्टेरिया या गटातील जिवाणू आहे, म्हणजे त्याच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक नसते, आणि तरीही तो वनस्पतींप्रमाणे प्रकाशसंश्लेषण करून, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून, प्राणवायू बाहेर टाकतो. पृथ्वीच्या वातावरणात सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साठू लागला तो याच गटातील जिवांमुळे. गोड्या पाण्याच्या टाकीत बहुधा ऑसिलेटोरिया, फॉर्मिडियम यांसारख्या प्रजाती आढळतात. त्यांचे केसांहून कितीतरी बारीक तंतू चिकट आवरणात गुंडाळलेले असतात आणि एकमेकांत गुंतून त्यांचा सलग पापुद्रा बनतो. या चिकट आवरणामुळे आणि त्यातील नकोशा द्रव्यांमुळे ऑटोसिंक्लस, गोगलगायी किंवा बाजारात सकर नावाने विकले जाणारे मासे या थराला सहसा तोंड लावत नाहीत. सकर मासा तर वाढून फूटभर वा त्याहून लांब होतो, त्याच्या विष्ठेने टाकीतील घाण वाढते, आणि कंटाळून तो तलावात सोडला गेल्यास तेथील देशी माशांना उपद्रव होतो. म्हणून या कामासाठी तो आणणे दुहेरी नुकसानीचे आहे.

खऱ्या शेवाळापासून हा थर वेगळा ओळखणे अवघड नाही. हिरवे शेवाळ काचेला घट्ट चिकटते किंवा धाग्यांच्या झुपक्यांनी वाढते. हा थर मात्र बोटाने हलकेच सारला तरी अखंड पापुद्र्यासारखा उचलला जातो, आणि दुपारी, उजेड भरपूर असताना, त्याच्याखाली प्राणवायूचे बुडबुडे अडकून तो जागोजागी फुगलेला दिसतो. पाण्याबाहेर काढल्यावर त्याला कुबट, मातकट वास येतो. जिओस्मिन नावाचे जे द्रव्य पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासाला कारण ठरते, तेच अनेक सायनोबॅक्टेरियाही तयार करतात. थराचा एक तुकडा वाळवून थोड्या पाण्यात भिजत ठेवला, तर अनेकदा त्या पाण्याला निळी छटा येते, कारण फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य पाण्यात विरघळते, तर हिरवे हरितद्रव्य विरघळत नाही.

गैरसमज २ : हे बाहेरून आलेले आहे, म्हणून टाकी रिकामी करून सर्व काही धुऊन काढले की ते मुळासकट जाते.

वस्तुस्थिती : सायनोबॅक्टेरियाचे सूक्ष्म तंतू आणि पेशी नळाच्या पाण्याबरोबर, नव्या वनस्पतींबरोबर, जाळीला लागून, इतकेच काय हवेतील धुळीबरोबरही टाकीत पोहोचतात, त्यामुळे त्यांना कायमची प्रवेशबंदी करणे शक्य नसते. उलट सर्व वाळू उकळणे, फिल्टरचा स्पंज नळाखाली किंवा साबणाने धुणे, यांमुळे टाकीला ज्यांची नितांत गरज असते ते जिवाणू मरतात. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. या क्रियेला नत्रीकरण म्हणतात, आणि नव्या टाकीत ते स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पूर्ण धुतलेली टाकी ही जिवाणूंच्या दृष्टीने नवी टाकी असते, आणि अशा अस्थिर टाकीत निळा-हिरवा थर पुन्हा लवकर धरतो. म्हणून फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा, आणि नव्याने घालायच्या नळाच्या पाण्यातील क्लोरीन अँटीक्लोरीनचे थेंब टाकून आधी नाहीसे करावे.

गैरसमज ३ : उजेड जास्त झाल्याने हे होते, तेव्हा चार दिवस अंधार केला की प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती : उजेड हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. खिडकीचे ऊन थेट टाकीवर येत असेल किंवा दिवा दिवसाचे दहा-बारा तास चालू राहत असेल, तर वाढ झपाट्याने होते हे खरे. परंतु तितक्याच उजेडातील दोन टाक्यांपैकी जिच्या वाळूत गाळ साचला आहे आणि जिच्या कोपऱ्यांत पाणी फिरत नाही तिच्यातच थर आधी दिसतो. गाळ कुजताना फॉस्फेट व इतर पोषकद्रव्ये सोडतो आणि वाळूच्या पृष्ठभागाजवळील प्राणवायू संपवतो, आणि कमी प्राणवायूच्या या पट्ट्यात सायनोबॅक्टेरिया इतर शेवाळांवर सहज मात करतात. उष्णता ही स्थिती आणखी बिघडवते, कारण २० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्याही खाली येतो.

पूर्ण अंधाराचा उपाय उपयुक्त आहे, पण त्याची पद्धत पाळावी लागते. आधी थर सायफन नळीने ओढून घ्यावा, तिसरा ते अर्धा हिस्सा पाणी बदलावे, मग टाकी जाड कापडाने सर्व बाजूंनी तीन ते चार दिवस झाकावी, मधे डोकावण्यासाठी कापड उचलू नये, आणि एअर पंप अखंड चालू ठेवावा, कारण मरणारा थर कुजताना प्राणवायू खातो. निरोगी मासे आणि बहुतेक वनस्पती हा काळ निभावून नेतात. झाकण काढल्यावर मेलेला थर काढून पुन्हा पाणी बदलणे अत्यावश्यक असते, अन्यथा त्याच्यातील पोषकद्रव्ये पाण्यातच राहतात आणि पुढच्या वाढीला खत मिळते.

गैरसमज ४ : पाण्यातील नायट्रेट शून्यावर आणले की शेवाळ उपाशी मरते.

वस्तुस्थिती : हिरव्या शेवाळांच्या बाबतीत या समजुतीला काही आधार आहे, सायनोबॅक्टेरियाच्या बाबतीत ती बहुधा उलटी पडते. या गटातील अनेक प्रजाती हवेतील नत्र थेट वापरू शकतात. या क्रियेला नत्र-स्थिरीकरण म्हणतात. भातखाचरांतील त्यांचे हे कार्य पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले, आणि पुढे निळे-हिरवे शेवाळ हे भाताचे जैविक खत म्हणून भारतात वापरात आले. भातशेतीच्या जबलपूर परिसरात, जेथे आधारताल भागात १९६४ साली कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले, तेथील वाचकाला या खताची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. शेतात जो गुण उपकारक ठरतो तोच टाकीत अडचणीचा होतो, कारण नायट्रेट संपले की वनस्पती खुरटतात आणि नत्र स्वतः मिळवू शकणाऱ्या प्रजातींना मोकळे रान मिळते. टाकीतील प्रत्येक प्रजातीत ही क्षमता असते असे नाही. तरीही वनस्पती असलेल्या टाकीत लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम नायट्रेट राखणे आणि त्याऐवजी गाळ व फॉस्फेट कमी करणे हाच अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. जोमाने वाढणाऱ्या वनस्पती पोषकद्रव्ये शोषून घेतात आणि सायनोबॅक्टेरियाची वाट अडवतात.

गैरसमज ५ : हा जिवाणू आहे, तेव्हा प्रतिजैविकाची गोळी टाकणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

वस्तुस्थिती : एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सायनोबॅक्टेरियाला मारते यात शंका नाही, आणि म्हणूनच हा गैरसमज अर्धसत्यावर आधारलेला व अधिक घातक आहे. पहिली गोष्ट अशी की, भारतात हे औषध अनुसूची एचमध्ये येते, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याची विक्री करता येत नाही. दुसरी, औषधाने उपयुक्त जिवाणूंनाही धोका संभवतो, आणि सर्व थर एकदम मेल्यास अमोनिया वाढून मासे दगावू शकतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, टाकीतून काढलेले औषधी पाणी मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून पुढे नदीकडे जाते. कमी मात्रेत पसरलेले प्रतिजैविक त्या औषधाला दाद न देणारे जिवाणू निपजण्यास मदत करते, आणि हे औषध माणसांच्या संसर्गांवर वापरले जाते. शोभेच्या टाकीसाठी ही किंमत मोजणे समर्थनीय नाही, विशेषतः कारण दूर न केल्यास थर औषधानंतरही परततो.

गैरसमज ६ : मोरचूद किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड अंदाजाने टाकले तरी चालते.

वस्तुस्थिती : मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, शेवाळाला मारते तसेच गोगलगायी व कोळंबीलाही मारते, आणि मृदू पाण्यात, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार कमी असलेल्या पाण्यात, माशांनाही ते घातक ठरते, म्हणून घरगुती टाकीत ते टाळावे. हायड्रोजन पेरॉक्साइडची गोष्ट वेगळी आहे. त्याचे विघटन होऊन मागे केवळ पाणी आणि प्राणवायू उरतो, आणि सायनोबॅक्टेरिया त्याला हिरव्या शेवाळांपेक्षा अधिक संवेदनशील असतात. नेदरलँड्समधील एका सरोवरात २००९ साली लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम इतक्या मात्रेने पाण्यात तरंगणारे सायनोबॅक्टेरिया आटोक्यात आणले गेले. १०० लिटरच्या टाकीत ही मात्रा ३ टक्क्यांच्या द्रावणाच्या साधारण ७ मिलिलिटर इतकी होते. येथेच एक चूक नेहमी घडते : परदेशी पुस्तकांतील प्रमाणे ३ टक्क्यांच्या द्रावणासाठी दिलेली असतात, तर भारतातील औषधाच्या दुकानात बहुधा ६ टक्क्यांची बाटली मिळते, म्हणून लेबल वाचून प्रमाण निम्मे करावे लागते. टाकीतील थर चिकट आवरणात असल्याने पाण्यात सर्वत्र द्रावण मिसळण्यापेक्षा फिल्टर थोडा वेळ बंद ठेवून, सुई काढलेल्या सिरिंजने उरलेल्या ठिपक्यांवरच ते सावकाश सोडणे परिणामकारक ठरते. एकूण मात्रा मर्यादेतच ठेवावी, आणि काही मिनिटांनी फिल्टर पुन्हा चालू करावा.

गैरसमज ७ : हे विषारी असल्याने टाकी मोडीत काढावी, किंवा याउलट, ते पूर्णपणे निरुपद्रवी आहे.

वस्तुस्थिती : दोन्ही टोके चूक आहेत. काही सायनोबॅक्टेरिया विषद्रव्ये तयार करतात. ऑस्ट्रेलियातील एका सरोवराचे असे पाणी पिऊन गुरे मेल्याची नोंद १८७८ सालीच प्रसिद्ध झाली होती, आणि पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या विषाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १ मायक्रोग्रॅम इतकी सुचवली आहे. घरच्या टाकीतील थराने मासे थेट विषबाधेने मरणे विरळाच. रात्री प्राणवायू घटणे हा अधिक नित्याचा धोका आहे. तरी सायफन नळी तोंडाने ओढू नये, हातावर जखम असल्यास हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

उपायांचा योग्य क्रम

वरील वस्तुस्थितीवरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम थर हाताने व सायफनने काढावा, वाळूचा वरचा स्तर नळीने ढवळून त्यातील गाळ ओढावा आणि पाणी बदलावे. नंतर गरज असल्यास अंधाराचे तीन-चार दिवस, आणि त्यानंतर उरलेल्या जागी पेरॉक्साइड. यासोबतच टाकी थेट उन्हातून हलवावी, ते शक्य नसल्यास खिडकीकडील काचेला अपारदर्शक कागद लावावा. दिवा सहा ते आठ तासच चालवावा. फिल्टरच्या झोताची दिशा अशी ठेवावी की तळाच्या कोपऱ्यांतही पाणी हलते राहील. खाद्य दिवसातून एकदा, मासे दोनेक मिनिटांत संपवतील इतकेच द्यावे. आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे.

जबलपूर हे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते. राणीताल, आधारताल यांची परंपरा गोंडवनाच्या राणी दुर्गावतींच्या, म्हणजे १५६४ पूर्वीच्या, काळाशी जोडली जाते, आणि हनुमानताल आजही जुन्या शहराच्या मध्यभागी आहे. साचलेल्या पाण्यात सांडपाणी, निर्माल्य आणि सेंद्रिय कचरा पडत राहिला तर तेथेही हाच जीव वाढतो, आणि तेथेही औषध फवारण्याआधी कचरा थांबवावा लागतो. टाकीतील पाणी, वनस्पती वा मासे अशा तलावात कधीही टाकू नयेत. काढलेले पाणी, त्यात औषध नसेल तर, कुंड्यांतील झाडांना घालावे, कारण टाकीत जी पोषकद्रव्ये शेवाळ पोसतात ती झाडांना हितकारकच असतात. उपाय लागू पडला की नाही याची कसोटी थर नाहीसा होण्यात नसून, महिनाभर कोणतेही औषध न घालता वाळू स्वच्छ राहण्यात आहे. ती राहिली नाही तर गाळ, प्रवाह आणि उजेड यांपैकी काय सुधारायचे राहून गेले, हेच पुन्हा तपासावे.