घरातला ईझल : कोन आणि अंतर

घरी चित्र काढणाऱ्या बहुतेकांचा कागद टेबलावर नाहीतर जमिनीवर आडवा असतो. काढताना चेहरा बरोबर वाटतो. तोच कागद भिंतीला टेकवून उभा केला की कपाळ मोठे आणि चेहरा लांबट दिसतो. ‘माझा हातच वाईट’ असे म्हणून कित्येक जण चित्रकला सोडून देतात. पुष्कळदा दोष हाताचा नसतो, कागदाच्या कोनाचा असतो.

आडव्या कागदाकडे आपण तिरके पाहतो. नजर कागदाशी ४५ अंशांचा कोन करत असेल, तर १० इंच उंचीची आकृती डोळ्याला सुमारे ७ इंचांची भासते. ३० अंशांवर ती ५ इंचांवर येते. ही तूट हात नकळत भरून काढतो आणि आकृती लांबवतो. शिवाय कागदाची वरची कड डोळ्यापासून दूर असल्याने तिथला भाग मोठा काढला जातो. कागद नजरेला काटकोनात आला की दोन्ही चुका टळतात. ईझलचे मुख्य काम हेच.

‘ईझल’ हा शब्द गाढव या अर्थाच्या डच शब्दावरून आला आहे. आपल्याकडेही रंगाऱ्याच्या शिडीला ‘घोडी’ म्हणतातच. पण ईझल नाही म्हणून चित्रकला अडते, असे मात्र नाही. आपले लघुचित्रकार जमिनीवर बसून, गुडघ्यावर फळी टेकवून काम करत. ती चित्रे पाहिलीही जात हातात धरून. रांगोळी वरून काढतात, वरूनच पाहतात. वारली चित्रे भिंतीवर काढतात, ती भिंतीवरच राहतात. चौकटीत बसवून भिंतीवर टांगायचे तैलचित्र आपल्याकडे रुजले ते ब्रिटिश काळात, १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थांच्या आधाराने. ईझलही त्याच्याच सोबतीने रुळला. चित्र जसे पाहिले जाणार, तसेच ठेवून काढावे, हे सूत्र या सगळ्यांत समान आहे.

माध्यमाप्रमाणे कोन बदलतो. जलरंगात ओघळ आवरायचा असतो, म्हणून फळी जवळजवळ आडवी, १०-१५ अंश उचललेली पुरते. तैलरंग व ॲक्रिलिकसाठी ती उभी हवी. पेस्टलसाठी किंचित पुढे झुकलेली बरी. खडूची भुकटी चित्रावर न साचता खाली पडते. म्हणून विकत घेताना, हवा तो कोन मिळतो का आणि दाब दिल्यावर ईझल हलतो का, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. तीन पायांचा घडीचा ईझल कोपऱ्यात मावतो, पण मोठ्या कॅनव्हासला डगमगतो. इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराचा भक्कम असतो, पण जागा अडवतो. लहान घरात टेबलावर ठेवायचा ईझल बहुतेकांना पुरतो.

दुसरा प्रश्न अंतराचा. चित्र एका नजरेत सामावायला त्याच्या मोठ्या बाजूच्या निदान दुप्पट अंतर लागते. व्हेलाझ्केझच्या १६५६ मधील ‘लास मेनिनास’ या चित्रात चित्रकार स्वतः कॅनव्हासपासून मागे सरून उभा दिसतो, तो उगाच नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीत मागे सरायला जागा नसेल, तर मागच्या भिंतीवर आरसा लावावा. अंतर वाढते आणि उलट्या प्रतिमेत चुका चटकन दिसतात. आरशात चित्र तपासण्याचा सल्ला लिओनार्दो द विंचीनेही दिला आहे. उजव्या हाताने काढणाऱ्याने खिडकी डावीकडे ठेवावी, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही. चित्राचा मध्य डोळ्यांच्या पातळीला असावा, म्हणजे मानही दुखत नाही.

ईझल घेण्याआधी एक प्रयोग करून पाहावा. खुर्चीवर पाठीला टेकवून ड्रॉइंग बोर्ड ठेवावा, समोर दुसऱ्या खुर्चीवर बसावे आणि एक तांब्या दोनदा काढावा : एकदा कागद आडवा ठेवून, एकदा उभा. दोन्ही कागद भिंतीवर शेजारी लावले, की दोष हाताचा होता की कोनाचा, ते कळेल.