हिमवर्षाव आणि तापणारी पृथ्वी
२६ फेब्रुवारी २०१५ रोजी सिनेटर जेम्स इनहोफ यांनी अमेरिकी सिनेटच्या भर सभागृहात बर्फाचा गोळा फेकून तापमानवाढीविषयीचा आपला अविश्वास जाहीर केला. परंतु त्याच वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान १८८० पासूनच्या नोंदींत तोवरच्या उच्चांकास पोहोचले. एका शहरातील थंडी ही रोजकीर्दीतील एक नोंद होय. हवामानबदलाचा निवाडा मात्र अनेक दशकांच्या ताळेबंदावरूनच करावयाचा असतो. शिवाय, तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्पधारणशक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढत असल्यामुळे, जेथे पारा गोठणबिंदूखालीच राहतो तेथे प्रसंगी अधिक हिमवर्षाव होणे तापमानवाढीच्या सिद्धान्ताशी सुसंगतच ठरते. ध्रुवीय भोवरा दुर्बळ होऊन शीतलहरी दक्षिणेस उतरण्यामागे तापमानवाढ कितपत कारणीभूत आहे, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद असले, तरी मूळ तापमानवाढीविषयी ते नाहीत.