मोगऱ्याचे छाट कलम

मुलांनो, आपण घरी ज्याला मोतिया म्हणतो, तोच मराठीतला मोगरा. भरगच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. मग त्याची नवीन रोपे कशी होतात? फांदीपासून! या पद्धतीला 'छाट कलम' म्हणतात.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक निरोगी फांदी निवडा. ती फार कोवळी नको आणि फार जूनही नको. धारदार कात्रीने तिचा सुमारे १५ सेंटीमीटर लांबीचा तुकडा कापा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या. तेथे मुळे लवकर फुटतात. खालची पाने काढून टाका. वरची दोन-तीन पाने ठेवा आणि तीही अर्धी कापा.

पाने का कापायची? मोगरा सदाहरित आहे. त्याची पाने सतत वाफेच्या रूपाने पाणी बाहेर टाकतात; पण या फांदीला पाणी शोषायला मुळेच नाहीत! पाने जास्त असली, तर फांदी सुकते. एकही पान नसले, तर तिला अन्न कमी पडते.

आता वाळू मिसळलेल्या मातीत फांदीचा निम्मा भाग रोवा. कुंडी सावलीत ठेवा. माती ओलसर असावी, चिखल नसावा. पाणी साचले तर फांदी कुजते. साधारण दीड महिन्यात मुळे धरतात. तोवर फांदी उपटून पाहू नका, कोवळी मुळे तुटतील.

हे रोप म्हणजे जुन्या मोगऱ्याचाच एक भाग. फुले तीच, सुगंधही तोच. म्हणून घर बदलायचे असेल, तर आधीच्या पावसाळ्यात चार कलमे लावा. एखादे सुकले, तरी दादीने लावलेला मोगरा नव्या घरीही फुलेल.